प्रक्षेपणाचं प्रक्षेपण

मराठीत रॉकेट सोडण्याला 'प्रक्षेपण' म्हणतात आणि ते टीव्हीवर किंवा यूट्यूबवर दाखवण्यालाही 'प्रक्षेपण'च म्हणतात. 'प्रक्षेपणाचं थेट प्रक्षेपण' असं बातम्यांत सर्रास येतं आणि कुणाला खटकत नाही. इंग्रजीत दुसराच योगायोग आहे. तिथे रॉकेट 'लाँच' होतं आणि नवा फोनही 'लाँच' होतो. हे दोन योगायोग एकत्र केले की रॉकेट, फोन आणि पडदा या तिन्ही गोष्टी एका माळेत येतात. माझ्या वयाच्या लोकांनी त्या पाहिल्याही एकाच जागी, हातातल्या सहा इंची काचेवर.

सिनेमाची समीक्षा होते, वेबसिरीजची होते, फोनच्या कॅमेऱ्याची तर दर आठवड्याला होते. पण लाखो लोक एकाच वेळी बघतात त्या रॉकेटच्या लाइव्हची समीक्षा कोणी करताना दिसत नाही. मोहीम यशस्वी झाली की लाइव्ह 'अंगावर काटा आणणारं', फसली की 'काळजाला चटका लावणारं', एवढ्यावर विषय संपतो. मला हा कार्यक्रम एक कलाप्रकार म्हणून बघायचा आहे. तो काय दाखवतो, काय लपवतो आणि आपल्याला कसं बघायला शिकवतो? (गोंधळ नको म्हणून इथून पुढे रॉकेटसाठी 'उड्डाण' आणि दाखवण्यासाठी 'लाइव्ह' असं म्हणतो.)

सुरुवात फोनपासून करू, कारण लाइव्ह कसं बघायचं ते आपण तिथेच शिकलो.

९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये स्टीव्ह जॉब्जनं पहिला आयफोन दाखवला. ती क्लिप आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेली असते. त्या दिवशी स्टेजवरचा फोन अर्धवट तयार होता, हे त्यावर काम केलेल्या इंजिनिअरांनी पुढे सांगितलं. अमुक क्रमानं अमुक गोष्टी केल्या तरच तो बंद पडत नसे, म्हणून जॉब्जनं तोच क्रम पाळला. जून २०१० मध्ये आयफोन ४ दाखवताना तर स्टेजवर वेबपेजच उघडेना. सभागृहात ५७० वायफाय बेस स्टेशनं चालू आहेत, ती बंद करा, असं त्याला समोर बसलेल्यांना सांगावं लागलं. जगातला सगळ्यात तयारीचा सादरकर्ता, पण नेटवर्कपुढे त्याचंही काही चाललं नाही. तो क्षण बघण्यासारखा आहे, कारण त्यात काहीतरी खरंच बिघडू शकत होतं.

जून २०२० मध्ये महासाथीमुळे अ‍ॅपलनं हा कार्यक्रम आधी चित्रित करून दाखवायला सुरुवात केली. महासाथ गेली, पण जुनी पद्धत परत आली नाही. आता निमंत्रित पत्रकार कॅलिफोर्नियाला जातात आणि तिथे बसून मोठ्या पडद्यावर तयार फिल्म बघतात. ड्रोनचे शॉट्स सुंदर असतात, माणसं अडखळत नाहीत, वायफाय कधीच जात नाही. वर कोपऱ्यात 'लाइव्ह' लिहिलेलं असतं, पण धोका एडिटिंगमध्ये कापून टाकलेला असतो.

रॉकेटला ही सोय नाही. न्यूटन रिटेक देत नाही. म्हणून कंटाळवाणं निवेदन, आवाजात खरखर आणि चित्रात मुंग्या असल्या तरी रॉकेटचं लाइव्ह कोणत्याही फोनच्या फिल्मपेक्षा जास्त जिवंत असायला हवं. ते तसं असतं का, हा माझा प्रश्न आहे.

*

मी तिसऱ्या वर्षाला असताना फाल्कन हेवीचं पहिलं उड्डाण झालं. अमेरिकेत ६ फेब्रुवारी २०१८ ची दुपार होती, आपल्याकडे ७ तारखेची मध्यरात्र उलटून दोन वाजून गेले होते. होस्टेलच्या एका खोलीत एका लॅपटॉपभोवती आम्ही नऊ-दहा जण होतो. दोन बाजूचे बूस्टर परत आले आणि जवळपास एकाच क्षणी शेजारी-शेजारी उभे राहिले. मग अंतराळात लाल मोटारगाडी, चालकाच्या जागी स्पेससूट घातलेला पुतळा, मागे डेव्हिड बोवीचं गाणं. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये निकाल लागला: स्पेसएक्स म्हणजे नेटफ्लिक्स आणि इस्रो म्हणजे दूरदर्शन.

हे मत आजही कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकू येईल, आणि त्यात तथ्य आहे. स्पेसएक्सनं लाइव्हचं व्याकरण बदललं. रॉकेटच्या अंगावरच कॅमेरे बसवले. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात वेग आणि उंचीचे आकडे सतत पळते ठेवले. तरुण इंजिनिअरांना निवेदक केलं. ज्या मुलाला कक्षा म्हणजे काय ते माहीत नाही, त्यालाही उंची वाढायची थांबली तरी वेग वाढतोच आहे हे दिसतं, आणि कक्षेत जाणं म्हणजे वर जाण्यापेक्षा आडवं, प्रचंड वेगानं जाणं असतं हे कोणी न सांगता कळतं. हे उत्तम शिक्षण आहे.

पण त्याच रात्री तिसरा बूस्टर, मधला, समुद्रातल्या तरंगत्या फलाटावर उतरणार होता. तो चुकला आणि पाण्यात आपटला. पडद्यावर धूर दिसला, चित्र गेलं आणि कार्यक्रम मोटारगाडीकडे वळला. आमच्या खोलीत मधल्या बूस्टरचं काय झालं असं कोणी विचारलंही नाही. त्या मोटारगाडीचं काम तेच होतं. ती जाहिरात होती, आणि जाहिरात आपल्याला कुठे बघायचं ते सांगते, म्हणजे आपण दुसरीकडे बघत नाही.

पाच वर्षांनी, २० एप्रिल २०२३ ला, स्टारशिपचं पहिलं पूर्ण उड्डाण झालं. सुमारे चार मिनिटं ते उडालं, गिरक्या खाऊ लागलं आणि फुटलं. लाइव्हमध्ये कर्मचाऱ्यांच्या टाळ्या आणि आरोळ्या ऐकू येत होत्या. स्फोटाला 'अनियोजित जलद विघटन' म्हणायचा जुना इंजिनिअरी विनोद त्या दिवशी बातम्यांची भाषा झाला. रॉकेटच्या ज्वाळांनी उड्डाणतळाचं काँक्रीट उखडलं होतं, त्याचे तुकडे दूरवर उडाले आणि जवळच्या पोर्ट इझाबेल गावावर धूळ पडली. पुढे अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनानं पुन्हा उडण्याआधी करायच्या ६३ दुरुस्त्यांची यादी दिली. चाचणीत रॉकेट फुटणं यात लाजिरवाणं काही नाही, मी स्वतः रोज कोड फोडतो. पण अपयशावर टाळ्या वाजवणं आणि अपयश समजावून सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केली की दुसरी मागायचं प्रेक्षक विसरतो.

त्याच कंपनीचं ६ जून २०२४ चं लाइव्ह मात्र मी या प्रकारातल्या सर्वोत्तम कामांत धरतो. स्टारशिप वातावरणात परत येत होतं आणि त्याच्या एका पंखाची कड जळायला लागली. एरवी या टप्प्यावर यानाभोवतीच्या तापलेल्या वायूमुळे संपर्क तुटतो, पण इथे स्टारलिंक उपग्रहांमार्फत चित्र येत राहिलं. धातू वितळताना दिसत होता, ठिणग्या उडत होत्या, कॅमेऱ्याच्या काचेवर कचरा बसून ती तडकली. तरीही तो अर्धा जळालेला पंख हलत राहिला आणि यान हिंदी महासागरात उतरलं. यश मिळणार की नाही हे दाखवणाऱ्यालाही माहीत नव्हतं आणि तरी त्यानं कॅमेरा वळवला नाही.

*

आता इस्रोकडे. आपलं नातं दूरदर्शनपेक्षाही जुनं आहे. जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा भारतात टीव्ही फक्त दिल्लीत होता. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. म्हणजे महाराष्ट्रातल्या आपल्या आजी-आजोबांनी तो ऐतिहासिक क्षण घरच्या टीव्हीवर पाहिला नाही. तो रेडिओवर ऐकला, नाहीतर पेपरात वाचला. पुढे १९७५-७६ मध्ये नासाचा एटीएस-६ उपग्रह वापरून इस्रोनं सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत टीव्ही पोचवला. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण मुद्दा असा की या देशात अंतराळ संस्थेनं रॉकेट दाखवण्याच्या आधी शेती आणि आरोग्याचे कार्यक्रम दाखवले. पडद्याचा उपयोग लोकांना काहीतरी समजावं म्हणून करायचा, ही इस्रोची मूळ परंपरा आहे.

त्या परंपरेतली सगळ्यात प्रामाणिक चौकट मी ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे पाहिली. चांद्रयान-२ चा विक्रम उतरत होता. पडद्यावर एक आलेख होता. एक रेघ ठरलेल्या मार्गाची, दुसरी हिरवी, प्रत्यक्ष मार्गाची. बराच वेळ हिरवी रेघ पहिलीवरून शहाण्या मुलासारखी चालली. मग ती किंचित बाजूला झाली. निवेदक गप्प होते, पण रेघ बोलत होती, आणि तो आलेख बघणाऱ्या प्रत्येकाला अधिकृत घोषणेच्या आधी कळलं होतं. थोड्या वेळानं इस्रोप्रमुख के. सिवन यांनी सांगितलं की २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सगळं नियोजनानुसार होतं, नंतर संपर्क तुटला. पडद्यावरचा हिरवा ठिपका मात्र त्याच्या बराच खाली येऊन थांबलेला होता.

पण दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं ते पंतप्रधानांनी सिवन यांना मिठी मारल्याचं दृश्य. मिठीबद्दल माझी काही तक्रार नाही, रडणाऱ्या माणसाला जवळ घ्यावंच. तक्रार अशी की लोकांच्या आठवणीत मिठी राहिली आणि रेघ पुसली गेली. रेघ का वळली, हे किती जणांना माहीत आहे? नोव्हेंबर २०१९ मध्ये संसदेत दिलेल्या लेखी उत्तरात ते थोडक्यात आलं: ३० किलोमीटरवरून ७.४ किलोमीटरपर्यंतचा टप्पा ठीक पार पडला, वेग सेकंदाला १६८३ मीटरवरून १४६ मीटरवर आला, पण पुढच्या टप्प्यात तो अपेक्षेपेक्षा जास्त कमी झाला. नीट गोष्ट सांगितली ती २०२३ मध्ये, तेव्हाचे प्रमुख एस. सोमनाथ यांनी. पाच इंजिनांनी ठरल्यापेक्षा थोडा जास्त जोर दिला आणि चुका साठत गेल्या. त्या सुधारायला यानाला झटकन वळायचं होतं, पण किती वेगानं वळायचं यावर सॉफ्टवेअरनं मर्यादा घातली होती. शिवाय उतरायची जागा फक्त ५०० मीटर बाय ५०० मीटर, तिथवर पोचायची धडपड वेगळीच. म्हणून पुढच्या वेळी जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली, इंधन वाढवलं, पाय मजबूत केले.

ही गोष्ट वाचली तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन मिनिटं फेऱ्या मारल्या. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कोणालाही ती आपल्या घरची वाटेल. आमच्याकडे सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी 'पोस्टमॉर्टेम' लिहायची पद्धत आहे: काय झालं, किती वाजता कळलं, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. कोणाचं चुकलं हे त्यात लिहायचं नसतं. ते सगळ्या टीमला वाचता येतं आणि नवीन आलेली मुलं कोडपेक्षा त्यातूनच जास्त शिकतात.

*

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ सगळ्यांना आठवते. ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये आम्ही गर्दी केली होती. इस्रोच्या यूट्यूब चॅनेलवर एकाच वेळी ८० लाखांहून जास्त लोक होते. पुन्हा तोच आलेख, आणि या वेळी रेघ शेवटपर्यंत जागची हलली नाही. ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ उतरलं.

समीक्षा करायची तर तीन गोष्टी. पहिली, आलेख आणि उंची-वेगाचे आकडे पुन्हा दाखवले, याला पूर्ण गुण. चार वर्षांपूर्वी त्याच आलेखानं घोषणेआधी बातमी फोडली होती. तो या वेळी काढून टाकणं सोपं होतं. दुसरी, उतरणाऱ्या यानाचं जे चित्र आपण बघत होतो ते संगणकानं काढलेलं होतं. त्यात गैर काही नाही; पर्सिव्हरन्स १८ फेब्रुवारी २०२१ ला मंगळावर उतरलं तेव्हा नासाच्या लाइव्हमध्येही नियंत्रण कक्ष आणि अ‍ॅनिमेशनच होतं, खरा व्हिडिओ चार दिवसांनी आला. विक्रमच्या कॅमेऱ्यातून उतरतानाचं खरं दृश्यही इस्रोनं दुसऱ्या दिवशी दिलं. पण आमच्या खोलीतल्या निम्म्या लोकांना ते अ‍ॅनिमेशन म्हणजे खरा कॅमेरा वाटत होता. कोपऱ्यात 'हे संगणकचित्र आहे' अशी एक ठळक पाटी हवी होती.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. यान टेकण्याआधीच जोहान्सबर्गहून पंतप्रधान जोडले गेले आणि पडदा विभागला. हे कोणत्या पक्षाबद्दल नाही, चौकटीबद्दल आहे. नेते अंतराळाच्या चौकटीत पहिल्यापासून आहेत. १९६९ मध्ये निक्सन यांचा चंद्रावरच्या दोघांना फोन टीव्हीवर दिसला होता, १९८४ मध्ये इंदिरा गांधी राकेश शर्मांशी बोलल्या होत्या. पण निक्सन यांचा फोन उतरून झाल्यावरचा होता आणि शर्मा तेव्हा सुखरूप कक्षेत होते. २०२३ मध्ये निकाल लागायच्या आत चौकट वाटली गेली. सुमारे १९ मिनिटांच्या उतरणीतले शेवटचे क्षण त्या रेघेचे होते. ते तिला पूर्ण मिळायला हवे होते.

नंतरचे काही दिवस एकच मीम फिरत राहिलं: अमुक हॉलिवूडपटापेक्षा कमी पैशांत, सुमारे ६१५ कोटींत चंद्र. ही फोनच्या दुकानातली भाषा आहे. कमी किमतीत जास्त फीचर. फोन घेताना ती ठीकच, पण चंद्रावर जाताना आपण ग्राहक नसतो. त्या ६१५ कोटींत आपलाही कर आहे, म्हणजे आपण मालक आहोत. ग्राहकानं डब्यातली वस्तू बघावी. मालकानं कारखान्यात काय बिघडलं तेही विचारावं.

*

इस्रो ते कधीच सांगत नाही, असंही नाही. ७ ऑगस्ट २०२२ ला एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं. लाइव्हमध्ये टप्प्यामागून टप्पा ठीक, टाळ्या, आणि मग डेटा मिळत नसल्याची शांतता. उपग्रह ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी ३५६ बाय ७६ च्या लंबवर्तुळात गेले, म्हणजे निकामी झाले. नंतर कारण जाहीर झालं. दुसरा टप्पा सुटताना अगदी थोडा वेळ जोराची कंपनं झाली. तेवढ्यात अ‍ॅक्सेलरोमीटरचे आकडे टोकाला गेले आणि सॉफ्टवेअरनं ठरवलं की सेन्सर बिघडले. ते ठणठणीत होते. पण संगणकानं त्यांच्यावरचा विश्वास काढून घेतला, पर्यायी मार्ग धरला आणि उपग्रह हव्या त्या वेगापर्यंत पोचलेच नाहीत.

संशयी सॉफ्टवेअरनं निरोगी सेन्सरवर अविश्वास दाखवला आणि रॉकेट वाया गेलं. मला ही कुठल्याही लँडिंगइतकीच थरारक गोष्ट वाटते. पण ती एका निवेदनात राहिली. तिचं लाइव्ह झालं नाही, तिची रील बनली नाही. उड्डाणाला कॅमेरा होता, कारणाला नव्हता.

कारणालाही कॅमेरा मिळू शकतो, याचं उदाहरण आहे. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान ७३ सेकंदांत नष्ट झालं. त्यात क्रिस्टा मॅकऑलिफ ही शिक्षिका होती, म्हणून अमेरिकेतल्या कितीतरी वर्गांत मुलं ते थेट बघत होती. दोन आठवड्यांनी चौकशी आयोगाच्या जाहीर सुनावणीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी कड्याचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून चिमटा सोडला, तर रबर लगेच मूळ आकारात येईना. उड्डाणाच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. टीव्हीसमोर बसलेल्या कोणालाही ते समजलं. अंतराळविषयक प्रक्षेपणातला मला सगळ्यात मोठा वाटणारा क्षण एका ग्लासभर पाण्यात घडला आहे, आणि त्यात रॉकेट दिसतही नाही.

*

हे सगळं आत्ता महत्त्वाचं आहे, कारण गगनयानात माणसं असतील. मीम, मिठी आणि टाळ्या यांवर वाढलेला प्रेक्षक त्या दिवशी काय करेल? रेघ किंचित वळली, तर त्याला ती वाचता येईल का? आणि दाखवणारे ती दाखवत राहतील का?

मला आशा वाटते ती २१ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळीमुळे. श्रीहरिकोट्याला गगनयानाची पहिली चाचणी होती. माणूस नसलेली कुपी संकटात रॉकेटपासून सुटून सुखरूप येते का, हे बघायचं होतं. आठची वेळ पुढे सरकत गेली. शेवटी उलटी गणती पाच सेकंदांवर आली आणि थांबली. संगणकानं उड्डाण रोखलं होतं. कॅमेरा चालू होता. सोमनाथ माइकपाशी आले आणि सरळ सांगितलं की इंजिन ठरल्याप्रमाणे पेटलेलं नाही, यान सुरक्षित आहे, आम्ही जवळ जाऊन बघू आणि परत येऊ. संगीत नाही, घोषणा नाही. काही वेळानं त्यांनी परत येऊन सांगितलं की दोष सापडला आणि दुरुस्त केला. दहा वाजता ते उडालं आणि कुपी छत्र्यांखाली बंगालच्या उपसागरात उतरली.

नेटफ्लिक्स आणि दूरदर्शन या दोन्ही उपमा त्या सकाळी लागू पडत नव्हत्या. एक जबाबदार माणूस, ज्यांच्या पैशांनी काम चालतं त्या लोकांना, काम अडलंय आणि का अडलंय हे सांगत होता. यूट्यूबवर त्या दिवसाची क्लिप शोधाल तर उड्डाणापासून सुरू होणारी बघू नका. पाच सेकंदांवर थांबलेला आकडा जिच्यात आहे, ती बघा.